मचाणावरचा तोल: एका शिकारी धनुष्यासाठी स्टॅबिलायझर निवडताना

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. "दादा, स्टॅबिलायझर दहा इंची घेऊ की बारा इंची? दुकानातली सवलत रविवारी संपतेय."

"सवलत जाऊ दे. शनिवारी धनुष्य घेऊन ये. आहे तसंच आण, काही काढू नकोस आणि नवीन काही लावू नकोस," मी म्हटलं. स्टॅबिलायझर म्हणजे धनुष्याचा तोल राहावा म्हणून त्याला बसवायचा, टोकाला वजन असलेला दांडा.

हा मुलगा मूळचा कोल्हापूरचा, वय चौतीस, पिट्सबर्गजवळ नोकरीला. बायको इथलीच. तिचे वडील आयुष्यभर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणाची शिकार करत आले. त्यांच्या घरी हिवाळ्याचं मांस त्यातूनच येतं. गुडघे थकले तसं त्यांनी जावयाला एक कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं, पूर्ण ओढल्यावर हाताला हलकं लागणारं) घेऊन दिलं आणि आपल्या मचाणावर बसायला शिकवलं. मागच्या मोसमात त्यानं २८ यार्डांवरून सोडलेला बाण हरणाच्या फुफ्फुसात न लागता मागे, पोटात लागला. सासरे-जावई बॅटरी घेऊन रात्रभर रक्ताचा माग काढत राहिले. हरीण सापडलं नाही. त्यानंतर वर्षभर तो सराव करत होता, आणि तरी ३० यार्डांवर त्याचा स्वतःवर भरवसा बसत नव्हता. स्टॅबिलायझरचा प्रश्न इथून आला होता, म्हणून मला तो घाईत सोडवायचा नव्हता.

मी स्वतः शिकार करत नाही. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरला नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे जग परकं वाटतं. मी क्लबच्या रानवाटेवर फोमच्या प्राण्यांवर नेम धरतो आणि लोकांची धनुष्यं जुळवून देतो. पण ज्याला जिवंत प्राण्यावर बाण सोडायचा आहे, त्याचं धनुष्य जुळवताना माझा हात जास्त जपून चालतो.

धनुष्य कसं होतं

वरच्या चाकाच्या अक्षापासून खालच्या चाकाच्या अक्षापर्यंत ३० इंच, म्हणजे आखूड. ओढ २९ इंच, ओढीचं वजन ६० पौंड. या राज्यात हरणासाठी किमान ३५ पौंड लागतात, त्यामुळे जोराची काळजी नव्हती. पूर्ण ओढीवर ८० टक्के भार उतरतो, म्हणजे हातात १२ पौंड धरून ठेवायचे. नुसतं धनुष्य ४.२ पौंडांचं. उजव्या अंगाला पाच पिनांची साइट (नेम धरायची चौकट, वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळी पिन) आणि पाच बाणांचा भाता. पुढे सहा इंची रबरी स्टॅबिलायझर, जो धनुष्याच्या तयार संचात आलेला होता.

दुकानदारानं सुचवलं होतं ते असं: पुढे १२ इंची कार्बनचा दांडा, मागे डाव्या बाजूला १० इंची दांडा, टोकांना भरपूर वजनं. त्याला ते पटलंही होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, तुम्हीच तर बर्लिनची फायनल दाखवली होती."

ते खरं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे विश्वविजेते झाले, तेव्हा आम्ही चार मराठी घरं एकत्र बसून ते सामने पाहत होतो. त्यांच्या धनुष्यांना पुढे हातभर लांब दांडे असतात, साधारण ३० इंचांचे, आणि मागे आखूड जाड दांडे. ओजसनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मारले. ते पाहिल्यावर कुणालाही वाटणारच की स्थिरपणा त्या दांड्यात आहे. दांड्याचा त्यात वाटा आहेच. पण तो खेळाडू सपाट मैदानात, ५० मीटरवर, दोन्ही पाय रोवून उभा असतो. या मुलाला अठरा फूट उंचीवर, झाडाला पट्ट्यानं बांधलेलं असताना, जाड जॅकेट घालून आणि बऱ्याचदा बसल्या जागेवरून बाण सोडायचा होता.

पहिला शनिवार

मी काहीही न बदलता त्याला बाण सोडायला सांगितलं. २० यार्डांवर पाच बाण मुठीएवढ्या जागेत. ३० यार्डांवर मात्र जेवणाच्या ताटाएवढे पसरले, आणि बहुतेक उजवीकडे, थोडे खाली. व्हाइटटेल हरणाची हृदय-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंच व्यासाची धरतात. ताट त्याहून मोठं असतं.

बाणांपेक्षा मी त्याच्या साइटमधली पाणसळ बघत होतो. गवंड्याच्या पाणसळीसारखाच तिच्यात बुडबुडा असतो. ओढ पूर्ण झाली की बुडबुडा डावीकडे सरकायचा, म्हणजे धनुष्याचा माथा उजवीकडे कलायचा. नेम धरल्यावर तो ते मनगटानं सरळ करायचा, आणि बाण सोडायच्या क्षणी पुन्हा कलायचं. साइट आणि भरलेला भाता दोन्ही उजवीकडे, त्यामुळे हे व्हायचंच.

इथे बहुतेक जण थांबतात आणि डावीकडे वजन लावून मोकळे होतात. मी कागद घेतला. त्याचा बाण सेकंदाला सुमारे २७० फूट जातो. ३० यार्डांपर्यंत पोचेतो तो सोडल्या रेषेपासून सुमारे २१ इंच खाली येतो. ही पडझड साइट आधीच भरून काढते. धनुष्य तीन अंश कललं, तर ती भरपाईही तीन अंश कलते आणि बाण इंचभर उजवीकडे जातो. २० यार्डांवर अर्धा इंच, ४० यार्डांवर दोन इंच. त्याचे बाण ३० यार्डांवर चार-पाच इंच उजवीकडे जात होते. कलण्याचा दोष इंचभराचा, मग बाकीचं कुठून येत होतं?

हातातून. तो मूठ धरत होता, अगदी काठी धरावी तशी. बाण सुटताना बोटं आवळली जायची आणि धनुष्य मुठीत पिळलं जायचं. बोटांचे सांधे तिरके ठेवून, धनुष्याचा दाब अंगठ्याखालच्या मांसल भागावर घेऊन, बोटं सैल सोडायची, एवढंच तासभर करून घेतलं. धनुष्य पडेल अशी त्याला भीती वाटत होती, म्हणून मनगटाला दोरीचा फास बांधला. संध्याकाळपर्यंत उजवीकडचं सरकणं निम्म्यानं कमी झालं. कुठलाच स्टॅबिलायझर न बदलता.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. दांड्यानं धनुष्य पिळायला जड होतं, पिळणारा हात काही सुधारत नाही. आधी दांडा घेतला असता, तर त्याची खोड झाकली गेली असती आणि नोव्हेंबरच्या थंडीत, हातमोजे घातल्यावर, पुन्हा वर आली असती.

डोंबाऱ्याची काठी

त्याच रात्री आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूळ प्रश्न आला: लांबी की वजन? मी त्याला डोंबाऱ्याची आठवण करून दिली. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब बांबू धरते. जड दगड धरत नाही. बांबूची टोकं तिच्यापासून लांब असतात, म्हणून तो पटकन फिरत नाही, आणि म्हणून ती पडत नाही.

हिशेब असा. धनुष्याला फिरण्यापासून अडवायची ताकद वजनाला अंतराच्या वर्गानं गुणून येते. मनगटावर येणारा बोजा मात्र वजनाला फक्त अंतरानं गुणून येतो. मुठीपासून पाच इंचांवर चार औंस लावले (औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम), तर अडवण्याची ताकद १००, बोजा २०. तेच चार औंस दहा इंचांवर नेले, तर ताकद ४०० आणि बोजा ४०. म्हणजे बोजा दुप्पट, स्थिरपणा चौपट. आता पाच इंचांवरच राहून ४०० मिळवायचे, तर सोळा औंस लावावे लागतील आणि बोजा ८० होईल. आखूड आणि जड दांडा हा सगळ्यात महागाचा सौदा, पैशानं नाही, खांद्यानं.

त्याच्या रबरी स्टॅबिलायझरचं वजन सगळं रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, चिकटून होतं. तो काढून टाकून बाण सोडले, तर फरक कळलाच नाही. अशा रबरी तुकड्यांचं मूळ काम बाण सुटल्यावरची थरथर गिळणं. हल्लीच्या कंपाउंडची वरची-खालची पाती जवळजवळ समांतर असतात, त्यांचे झटके एकमेकांना बरेचसे मारतात, त्यामुळे थरथर आधीच कमी असते. अमेरिकेत मिसुरीच्या अर्ल हॉइट यांनी १९६१ च्या सुमाराला धनुष्याला स्टॅबिलायझर लावायला सुरुवात केली, तेव्हा कंपाउंड धनुष्य जन्मालाही आलं नव्हतं. कंपाउंडचं पेटंट हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळालं, तेही मिसुरीचेच. आज शिकारी धनुष्यावर या दांड्याचं मोठं काम तोल हेच आहे.

"मग बारा इंचीच घ्यायला हवा," तो म्हणाला. कागदावर बरोबर होतं. चार औंसांना बारा इंचांवर ५७६ मिळतात. शिवाय उन्हाळ्यातल्या क्लबच्या स्पर्धा त्याला खेळायच्या होत्या आणि एनएफएए या अमेरिकी धनुर्विद्या संघटनेच्या शिकारी गटात बारा इंचांपर्यंतचा दांडा चालतो. म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही करून पाहायचे ठरवले.

हार्डवेअरच्या दुकानातला गज

स्टॅबिलायझरचा आटा सगळीकडे एकच असतो: ५/१६ इंच जाडी, इंचाला २४ आटे. त्याच आट्यांचा लोखंडी गज हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. एक गज आणून ६, ८, १० आणि १२ इंचांचे तुकडे कापले, टोकं घासून घेतली आणि वजन म्हणून वायसर आणि नट लावले, स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून. असा गज थरथरतो आणि वाजतो, म्हणून आवाजाचा निवाडा त्याच्यावर करायचा नाही, आणि रायझरमध्ये तो तळापर्यंत पिळून बसवायचा नाही. तोल कुठे बसतो, एवढं मात्र तो प्रामाणिकपणे सांगतो. शंभर-दीडशे डॉलरचा दांडा अंदाजानं घेण्याआधी ही एक दुपार घालवावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

चाचणी साधी. समोर जवळच गवताची गादी, बोट बाण सोडायच्या ट्रिगरपासून लांब. पूर्ण ओढ घ्यायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि अंगाला जसं सोयीचं वाटेल तसं धनुष्य राहू द्यायचं. डोळे उघडले की बुडबुडा कुठे आहे ते बघायचं. डोळे उघडे असताना मन बुडबुडा सरळ करत राहतं, म्हणून ते मिटायचे.

पुढच्या दांड्यानं पिन शांत झाली, पण बुडबुडा डावीकडेच राहिला. मग मागे, डाव्या अंगाला, दांडा लावला. कावडीसारखं आहे हे: मागची घागर खांद्याजवळ असेल तर ती पुढच्यापेक्षा जड असावी लागते. दोन संध्याकाळी वायसर काढत-घालत शेवटी बसलं ते असं: पुढे दहा इंचांवर चार औंस, मागे आठ इंचांवर नऊ औंस. बुडबुडा मधोमध. ३० यार्डांचे बाण चार इंचांत. आम्ही दोघंही खूश.

मचाणावर

तिसऱ्या आठवड्यात क्लबच्या उंच फळीवर गेलो. त्याला सांगितलं होतं, नोव्हेंबरचं जॅकेट घाल, पडू नये म्हणूनचा अंगपट्टा बांध, आणि तुझ्या मचाणापुढे जशी आडवी दांडी असते तशी इथेही बांध. तो वर चढला, खुर्चीवर बसला, धनुष्य दोरीनं वर ओढून घेतलं, आणि सवयीनं भाता काढून झाडाच्या खिळ्याला अडकवला.

"हे काय केलंस?"

"भाता? तो मी बसल्यावर नेहमी काढतो, दादा. बाण पानांना घासतात."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. भाता आणि पाच बाण मिळून तेरा औंस होतात, आणि आम्ही दोन संध्याकाळी ते तेरा औंस तोलत बसलो होतो. प्रत्यक्ष बाण सोडायच्या वेळी ते झाडाला टांगलेले असणार. आता धनुष्य उलट, डावीकडे कलत होतं. बुडबुडा उजव्या रेषेच्या बाहेर गेला होता.

आणखी बरंच तिथेच उघड झालं. आठ इंची मागचा दांडा बसल्यावर डाव्या मांडीवर टेकत होता. बारा इंची पुढचा दांडा, झाडाच्या बुंध्याजवळच्या तिरक्या नेमाला, पुढच्या आडव्या दांडीवर आपटला. तो आवाज मला खालून ऐकू आला, तर हरणाला किती आधी येईल. दहा इंची बोटभर अंतरानं सुटला. दोन इंचांतून जो फायदा कागदावर दिसत होता, तो मिळवायला त्याला दर वेळी उठून उभं राहावं लागलं असतं, आणि वीस यार्डांवरच्या हरणासमोर उठणं म्हणजे त्याला निघून जा म्हणून सांगणं.

मग धरून ठेवायची परीक्षा. हरीण झाडाआड थांबलं, तर ओढलेलं धनुष्य मिनिटभर धरावं लागतं. दुकानदारानं सुचवलेल्या वजनांइतके वायसर लावून त्यानं धरलं. सुरुवातीला पिन खिळल्यासारखी उभी राहिली. चाळीस सेकंदांच्या आसपास डावा खांदा खचू लागला, पिन खाली बुडाली, त्यानं ती उचलून बाण सोडला आणि तो खाली गेला. हलक्या जुळणीत पिन थोडी जास्त फिरत होती, पण मिनिटानंतरही तेवढ्याच वर्तुळात फिरत होती. मला दुसरी पिन हवी होती. फिरणाऱ्या पिनेवर विश्वास ठेवायला शिकता येतं, पण खचलेल्या खांद्यावर काही इलाज चालत नाही.

शेवटी भाता काढून, बसून, जॅकेटात, पुन्हा वायसर मांडले. पुढे दहा इंचांवर चार औंस तसेच राहिले. मागे फक्त सहा इंची दांडा, तीन औंस, थोडा डावीकडे आणि खाली झुकवलेला. साइटचं वजन तोलायला तेवढे पुरले. भाता लावून चालताना धनुष्य उजवीकडे जड लागणार, पण चालताना कुणी नेम धरत नाही.

मला समाधान वाटलं ते एका बेरजेचं. दोन्ही दांडे, वजनं आणि जोड मिळून चौदा औंस भरले. म्हणजे मचाणावर भाता उतरवल्यावर जेवढं हलकं होत होतं, जवळजवळ तेवढंच परत लावलं. खांद्याला एकूण भार तोच, फक्त तो आता उजव्या कुशीला चिकटलेला नव्हता, कामाच्या जागी होता.

खरेदी, आणि नंतर

सवलत केव्हाच संपली होती. दहा इंची कार्बनचा दांडा आणि सहा इंची मागचा, साधे. पटकन काढता-घालता येणारा जोड त्याला हवा होता. मी नको म्हटलं. प्रत्येक जादा सांधा ही सैल व्हायची आणखी एक जागा, आणि शिकारीत आवाजाला किंमत आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, त्याचा बाण २७०. ३० यार्डांवरच्या हरणाला आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, आणि पाव सेकंदात फुफ्फुसं बाणाच्या वाटेतून खाली गेलेली असू शकतात. म्हणूनच त्यानं ३० च्या पुढे सोडायचंच नाही असं ठरवलं. हे त्याचं त्यानं ठरवलं, मी सुचवलं नव्हतं.

नवे दांडे लावल्यावर साइट पुन्हा जुळवावी लागली, सरावाच्या टोकांनी आणि मग शिकारीच्या, धारदार पाती असलेल्या टोकांनीही. ही पाती वाऱ्याला धरतात. मुठीत किंवा जुळणीत किंचित खोट असली तरी ती बाण दुसरीकडे नेतात. पहिल्या दिवशी ती तीन इंच उजवीकडे गेली. मुठीची जुनी सवय थकल्यावर परत आली होती. दहा दिवस रोज पाचच बाण, ताज्या हातानं, असं केल्यावर दोन्ही टोकं एका जागी लागायला लागली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज दबका होता. चोवीस यार्ड, बसूनच, अर्धा मिनिट ओढ धरल्यावर सोडलेला बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेला होता. हरीण नजरेच्या टप्प्यातच पडलं. सासरे खाली येऊन उभे होते आणि काहीच बोलत नव्हते, असं तो म्हणाला.

रविवारी तो धनुष्य घेऊन आला. बाण सुटताना पुढे बारीकसं टिक वाजलं, असं त्याला वाटत होतं. पाहिलं तर पुढच्या दांड्याच्या टोकाचं वजन अर्धा आटा सैल झालं होतं. थंडीत आणि रोजच्या थरथरीत हे होतं. आट्यावर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले, वजन पुन्हा पिळून बसवलं आणि दांड्यापासून वजनापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. आता मचाणावर चढण्याआधी तो ती रेघ जुळतेय का ते बघतो.